दोन मजल्यांचं दूध

करवंदे गावच्या दूधपेढीतला संगणक कालपासून रुसला होता. नोंद भरू द्यायचा, वाचू द्यायचा, हवी तितकी खाली-वर करू द्यायचा. पण ‘जतन करा’ या चौकोनाला हात लावला रे लावला, की पडदा पांढराफटक पडायचा आणि ‘पाझर’ नावाची ती सगळी प्रणाली गुडुप. पाहुण्यांसमोर दामटून बसवलेलं पोर नजर चुकली की आतल्या खोलीत पसार होतं, तशी.

“आज नाही हं,” ईश्वरी त्याला म्हणाली. घरी रांगतं लेकरू असलेल्या बाईला बोलू न शकणाऱ्या सगळ्यांशीच बोलायची सवय लागते. “आज शहाण्यासारखं वागायचं.”

तिनं चौकोनावर बोट टेकवलं. पडदा पांढरा झाला. पाझर गेलं.

काचेच्या भिंतीपलीकडे उबेच्या पेटीत राजनंदिनीचं बाळ होतं. फार लवकर आलेलं, चिमणीएवढ्या छातीचं, अजून बारसं व्हायचं म्हणून बिननावाचं. परवापासून त्या इवल्या पोरीचं पोट फुगलं होतं. आतड्यात जंतू शिरला होता आणि हा जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हता. औषधांनी अशी मान टाकायला लागून आता बरीच वर्षं झाली होती. डॉक्टर मंडळी त्याची बातमीही करेनाशी झाली होती. राजनंदिनी स्वतः बाळंतपणात इतकं रक्त गमावून बसली होती, की तिला अजून पान्हाच फुटला नव्हता. काचेला कपाळ टेकून ती स्टुलावर बसली होती. कुणी काही विचारलं तर “बरी आहे” एवढंच म्हणायची. आपल्याबद्दल की लेकीबद्दल, ते कळायचं नाही.

डॉ. मुल्ला दारात येऊन उभ्या राहिल्या. मुलांच्या डॉक्टर, आवाज मऊ, पण आज त्यांनी चष्मा डोक्यावर चढवला होता; म्हणजे प्रकरण गंभीर.

“ईश्वरी, आजचा दिवस आहे आपल्याकडे. आतड्याला भोक पडलं तर मग माझ्या हातात काही नाही. दूध आहे ना आपल्या कपाटात?”

“आहे मॅडम. कपाट उघडत नाहीये.”

हे कपाट काय आणि ते संगणकाच्या मर्जीवर का, ते सांगायला हवं.

आईच्या दुधात जिवंत पेशी असतात. बाळ पीत असताना त्याची थोडी लाळ उलट आईच्या अंगात जाते. त्या लाळेतून बाळाच्या दुखण्याची खबर पोचते आणि दूध त्याप्रमाणे बदलतं. एवढा अंदाज जुन्या लोकांनाही होता. नंतरच्या शोधानं एक पाऊल पुढं टाकलं. दुधातल्या काही पेशी जंतूशी झालेली झुंज लक्षात ठेवतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणू लागले. एका बाईच्या अंगात ही आठवण तयार झाली, की ती तिच्या दुधातून बाळात उतरते. आणि तेच बाळ दुसऱ्या बाईच्या अंगावर प्यायलं, तर त्याच्या तोंडातून ती आठवण त्या दुसरीच्या दुधातही शिरते. म्हणजे औषध हरलं तिथं आठवण लढते. आजारी बाळाच्या जिभेवर एक लाळपट्टी ठेवायची, जंतू ओळखायचा, आणि पेढीतल्या कुठल्या बाईच्या दुधाला त्या जंतूची आठवण आहे ते शोधायचं. दूध तापवून त्यातला जीव मारायचे दिवस गेले होते. आता ते निळ्या उजेडाखाली शुद्ध होई आणि पेशी जिवंतच राहत.

पण लाळपट्टीला आणखी एक गोष्ट कळायची. कुठलं मूल कुणाकुणाचं दूध प्यायलंय, तेही ती बिनचूक सांगायची. झालं! त्यावरून घराघरांत भांडणं लागली, ठरलेली लग्नं मोडली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी कायदा आला. दूध-नात्यांची नोंद कुठल्याही जाळ्याला न जोडलेल्या, एकट्या संगणकावर ठेवायची. दूध देणाऱ्या बायकांची नावं कुलपात, बाहेर फक्त क्रमांक; कुठला आपला, ते त्या बाईलाही ठाऊक नसे. आठवणीचं बळ हिशेबानं पुरेसं ठरून नोंद जतन झाली, तरच दूधकपाटाचं दार उघडणार. म्हणून जगभर सगळं ढगांत गेलं तरी करवंद्याच्या पेढीत हा टेबलावरचा ठोकळा आणि त्यातलं पाझर टिकून होतं. आणि ते चालवायला संगणकशास्त्र शिकलेली ईश्वरी.

तिनं पाझर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. मदत-कक्षात कार्तिक नावाचा मुलगा असायचा. सज्जन, आणि कधी घाईत नसायचा.

“काय बदललं मॅडम? परवापर्यंत चालत होतं ना?”

“काल आमच्या दात्या आयांच्या मुलांच्या नव्या लाळपट्ट्या भरल्या. तेव्हापासून.”

“मग फाइल बिघडली असेल. आधी तिची प्रत काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. झालं? आता ‘आवळा आणि दुरुस्त करा’ हे बटण दाबा.”

तिनं आवळलं, दुरुस्त केलं. बोट टेकवलं. पांढरं.

“नवी कोरी फाइल उघडा. सगळी कोष्टकं तिच्यात ओढून घ्या.”

घेतली. पांढरं.

“छपाईयंत्र, अंगठ्याचं यंत्र, सगळं काढा. नुसता संगणक ठेवा.”

काढलं. पांढरं. काचेपलीकडे परिचारिकेनं बाळाच्या पोटाचा घेर पुन्हा मापला आणि डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं.

“मॅडम, यंत्र ठीक आहे, फाइल ठीक आहे,” कार्तिक म्हणाला. “म्हणजे एखाद्या नोंदीतच खडा आहे.”

“मग निवडते,” ईश्वरी म्हणाली.

तांदळातला खडा शोधायचा तर सूपभर तांदळाचे दोन ढीग करावेत. ज्यात खडा वाजतो तो ठेवावा, दुसरा बाजूला सारावा, मग उरलेल्याचे पुन्हा दोन. तिनं दात्या आयांच्या नोंदी अर्ध्या केल्या. पहिल्या अर्ध्या आरामात जतन झाल्या. दुसऱ्या भरल्या तर पाझर आडवं. त्यांचे पुन्हा दोन भाग. ढीग लहान होत होत शेवटी पडद्यावर दोनच ओळी राहिल्या. दोन क्रमांक, दोन बायका. आणि गंमत अशी, की पहिली एकटी ठेवली तर जतन होत होती. दुसरी एकटी ठेवली तरी होत होती. दोघी शेजारी आल्या, की पांढरं.

“एकमेकींच्या उरावर बसतायत,” ईश्वरी पुटपुटली.

“मिळाला खडा!” कार्तिक खूश झाला. “त्यातल्या एकीची कालची नवी ओळ उडवा. बाकी सगळं चालू होईल.”

तिनं प्रतीवर करून पाहिलं. खरंच नोंद जतन झाली. पण कपाटाच्या दारावर लाल अक्षरं उमटली: आठवण अपुरी. आणि तेव्हा तिचं लक्ष गेलं. बाळाच्या लाळपट्टीशी जुळणारे, कालपासून यादीच्या अगदी वर असलेले क्रमांक हेच दोन होते. ज्या ओळीनं यंत्र कोसळत होतं, त्याच ओळीत बाळाचं औषध होतं.

“कार्तिक, उडवायची नाही ती ओळ. ती खरी आहे. चूक मोजणाऱ्याची आहे.”

“पण मॅडम, त्या दोघींत असं आहे तरी काय?”

ते कळायला नावं उघडावी लागणार होती. जीव धोक्यात असेल तर मुलांच्या डॉक्टरांना तेवढी मुभा होती. डॉ. मुल्लांनी आपली किल्ली लावली, वाचलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं.

“ईश्वरी,” त्या म्हणाल्या, “खाली बस.”

“बसलेलीच आहे मॅडम.”

“मग पकड काहीतरी. यातली एक तू आहेस. दुसरी तनिष्का. तुझी थोरली जाऊ ना गं ही?”

*

तनिष्का आणि ईश्वरी एकाच घरात राहत होत्या आणि अंगावरचं जास्तीचं दूध दोघीही पेढीला देत होत्या. तनिष्का खाली, ईश्वरी वर. दिवाळीपर्यंत चूल एक होती. मग गच्चीवरच्या सौरपाट्यांची वीज आधी कुणाच्या मजल्याला, यावरून ठिणगी पडली. “उन्हातान्हात फिरणाऱ्याला पंखा नको आणि खुर्चीत बसणाऱ्याला गारवा हवा,” असं तनिष्का म्हणाली. ती एसटीत वाहक होती, करवंदे–धानोळी मार्गावर. ईश्वरीनं उलट काहीतरी सुनावलं. चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद झालं. नवरे दोघे बिचारे जिन्यात गुपचूप भेटायचे. जे काही बोलायचं ते सासूबाईंमार्फत. “आई, त्यांना सांगा, टाकीचं झाकण उघडं राहिलंय.” आणि ‘त्या’ दोन हात अंतरावरच उभ्या असायच्या.

दोघींची मुलं मात्र सासूबाईंकडे एकाच सतरंजीवर वाढत होती. तनिष्काची रेवा आणि ईश्वरीचा कणाद.

आता लाळपट्ट्या सांगत होत्या, की रेवाच्या तोंडात ईश्वरीच्या दुधाच्या पेशी आहेत. यात ईश्वरीला नवल नव्हतं. तनिष्का पहाटेच्या गाडीवर गेली, की रेवा आकांत करायची. एकदा ईश्वरीनं तिला सहज उचललं, आणि पोरीनं तोंड खुपसलं ते खुपसलंच. तेव्हापासून रोज सकाळी, कामावर निघण्याआधी, खालच्या खोलीचं दार लोटून ती रेवाला पाजत होती. सासूबाईंना तिनं शपथ घातली होती: ताईंना कळता कामा नये. अबोला धरलेल्या बाईच्या पोरीला आपण पाजतो, हे कळलं तर आपण वाकलो असं होईल!

पण पट्ट्या आणखीही काही सांगत होत्या. कणादच्या तोंडात तनिष्काच्या दुधाच्या पेशी होत्या. एखाद-दुसऱ्या वेळच्या नव्हे. भरपूर, मुरलेल्या.

ईश्वरीनं ती ओळ पुन्हा वाचली. माझ्या लेकराला? मला न विचारता? मी इथं खुर्चीत बसून दूध काढून बाटल्या भरते, आणि तिकडं… डोळे भरून आले, ते रागानं की कशानं, तिचं तिलाही कळेना. तिनं घरी फोन लावला.

“आई, कणाद दुपारी काय पितो?”

“काय म्हणजे? तू ठेवलेलं असतं तेच की.”

“आई.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग सासूबाई एकदम सुटल्याच. “बाटलीला तोंड लावत नाही गं तो! रडून रडून निळा पडायला लागला, मी एकटी काय करू? तनिष्का डेपोतून आली, तिनं हातसुद्धा नीट पुसले नव्हते, घेतलं त्याला पदराखाली. मग रोजचंच झालं. तिनं मला शपथ घातलीय, ईश्वरीला सांगायचं नाही, ती म्हणेल माझ्या पोरावर हक्क सांगते.”

“आणि मी रेवाला पाजते ते? ते सांगितलंत ताईंना?”

“कसं सांगू? तुझीपण शपथच ना! सकाळी तुझी, दुपारी तिची. दोघींच्या शपथा सांभाळून माझा जीव आंबून गेलाय बाई. एवढी वर्षं सासू आहे, असला सासुरवास पहिल्यांदाच बघतेय.”

ईश्वरीला हसू फुटलं. डोळ्यांतलं पाणी तसंच गालावरून ओघळत असताना फुटलं, आणि ते थांबेचना. डॉ. मुल्लांनी घाबरून पाण्याचा पेला पुढं केला.

पाणी पिता पिता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती पुन्हा फोनकडे झेपावली.

“कार्तिक! त्या दोघी म्हणजे मी आणि माझी जाऊ. वर्तुळ आहे ते. ताईंचं दूध कणादला. कणादच्या तोंडातून आठवण माझ्या दुधात. माझं दूध रेवाला. रेवाच्या तोंडातून परत ताईंना. आणि ताईंकडून पुन्हा कणादला!”

फोनमध्ये त्याची बटणं खडखडली. “अरे देवा. आम्ही झाड धरलं होतं मॅडम. एक देणारी, एक घेणारी, वरून खाली फांद्या. दोन बाळंतिणी एकमेकींची मुलं पाजतील, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.”

“आमच्या तरी कुठं आलं होतं?” ईश्वरी म्हणाली.

पाझर बिचारं आपलं काम इमानानं करत होतं. कणादकडे किती आठवण आली ते मोजायचं, ती ईश्वरीकडे टाकायचं, तिथून रेवाकडे, तिथून तनिष्काकडे, आणि तनिष्काचा आकडा बदलला म्हणून पुन्हा कणादकडे. गोल गोल, न थांबता, स्मरणशक्ती संपून तोंडावर आपटेपर्यंत.

“ताई गेल्या पावसाळ्यात पोटानं आजारी होत्या,” ईश्वरी भराभर बोलत होती. “सगळ्या तालुक्याचे हात त्यांच्या हाताला लागतात, हा जंतू तिथंच भेटला असणार. त्यांनी तो अंगावर काढला. मग ती आठवण आमच्या घरात फिरत राहिली. दर फेरीला थोडी वाढली. म्हणून तर या दोन दुधांत ती एवढी मुरलीय. फेऱ्या खऱ्याच आहेत. पण दर फेरीची वाढ आधीच्या फेरीपेक्षा कमी. पाळण्याला एक झोका दिला की तो येतो-जातो, येतो-जातो, लहान होत होत थांबतो. तुमचं पाझर दर वेळी नवा झोका देतंय. त्याला सांगायचं, वाढ एका थेंबाहून कमी झाली, की थांब आणि झालेली बेरीज लिही.”

“पासवर्ड सांगतो,” कार्तिक म्हणाला. “तुम्ही लिहा, मी इथं माझ्या प्रतीवर लिहितो. आकडे तेवढे वाचून दाखवा. दोघांचं उत्तर जुळलं तर खरं.”

“लिहिते. पण त्याआधी एक फोन करायचाय.” कायद्यानुसार यंत्राला सापडलेलं नवं दूध-नातं दोन्ही आयांनी समोरासमोर, एकाच यंत्रावर अंगठे ठेवून मान्य करावं लागे. एकीनं ‘नाही’ म्हटलं, की ओळ पुसली जाई.

*

“चला, धानोळी फाटा, फाटा कोण? पुढं सरका जरा, मावशी! हॅलो, कोण?”

“मी ईश्वरी.”

पलीकडचा गलका तसाच, पण तनिष्काचा आवाज एकदम खाली आला. “काय झालं? पोरं बरी आहेत ना? आई?”

“सगळे बरे आहेत. ताई, तुम्ही कणादला पाजता.”

उत्तर ताठ स्वरात आलं. “आईंनी सांगितलं?”

“यंत्रानं.”

“यंत्राला काय तोंड फुटलंय! हे बघ ईश्वरी, तुला राग आला असेल तर ये, भांड संध्याकाळी. पण ते पोर उपाशी ओरडत होतं आणि माझ्या अंगावर दूध होतं. मी दगड नाहीये.”

“मीपण रेवाला पाजते. रोज. तुम्ही पहिल्या गाडीवर गेलात की.”

तिकीटयंत्र दांड्यावर खाडकन आपटलं, आणि गाडीतला कुणीतरी “बाई, ब्रेक फेल झाला काय?” असं म्हणालेलं ईश्वरीला स्पष्ट ऐकू आलं.

“तरीच!” तनिष्का ओरडली. “तरीच मी म्हणते, मी एवढी धावत येते आणि ही कार्टी माझ्याकडे ढुंकून बघत नाही! पोट टम्म! मी डॉक्टरला दाखवणार होते गं तिला!”

“ताई, ऐका. इथं एक बाळ आहे.” ईश्वरीनं थोडक्यात सांगितलं. “तुमचा अंगठा हवाय. मान्य असेल तरच.”

“मान्य असेल तरच म्हणे! थांब.” मग चालकाला हाक, फोन छातीशी धरल्यासारख्या दबलेल्या आवाजात: “महादेवकाका, गाडी वळवायची का हो? दवाखान्यात लेकरू आहे…” मागून पाच-पंचवीस आवाज एकदम उठले. कुणाची कोर्टात तारीख होती, कुणाची म्हैस अडली होती. त्या सगळ्यांवर एका म्हातारीचा आवाज चढला: “वळव रे मुडद्या! म्हैस काय पळून चाललीय?”

ईश्वरी कळफलकावर वाकली. चार ओळींचं काम होतं. मोजणारा जिथं पुढच्या नात्याकडे उडी मारत होता, तिथं तिनं अट घातली. फेरीतली वाढ मोज. थेंबाहून जास्त असेल तर पुढं जा. नसेल तर थांब, बेरीज लिही आणि बाहेर ये. तिनं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. कार्तिकनं वाचून दाखवली. एका ठिकाणी तिनं ‘जास्त’ऐवजी ‘कमी’चं चिन्ह टाकलं होतं, ते त्यानं पकडलं. दोघांनी प्रतीवर चालवलं. दोघांचा आकडा शेवटच्या घरापर्यंत तोच आला.

“जमलं मॅडम. आता खऱ्या फाइलवर.”

विजेवर चालणाऱ्या एसटीचा आवाज होत नाही. आधी ऐकू आला तो दवाखान्याच्या दारात वाजलेला लांबलचक हॉर्न, मग जिन्यावर धावती पावलं. तनिष्का आत आली ती खाकी साडीत, खांद्याला तिकीटयंत्र लटकतंय, केस वाऱ्यानं विस्कटलेले. दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. कित्येक महिन्यांनी मधे सासूबाई नव्हत्या.

तनिष्काची नजर काचेपलीकडे गेली. तिनं पेटीतलं बाळ पाहिलं आणि स्टुलावरची राजनंदिनी पाहिली. सरळ जाऊन तिनं राजनंदिनीच्या पाठीवर हात ठेवला. “ऊठ गं बाई. कपाळ गार पडलं असेल काचेनं. आलोय आम्ही.”

मग तिनं पुन्हा जोडलेल्या यंत्रावर अंगठा टेकवला. शेजारी ईश्वरीनं.

“थरथरतेयस तू,” तनिष्का म्हणाली. “आमच्या गाडीत तिकिटं द्यायला नाही हं चालणार तू.”

“तुम्ही थोडा वेळ गप्प बसाल का, ताई?”

“बसते. कित्येक महिने बसलेच होते की.”

ईश्वरीनं बोट पुढं केलं. काचेपाशी डॉ. मुल्ला, फोनमध्ये कार्तिक, दारात दोन परिचारिका आणि त्यांच्या मागं डोकावणारी बसमधली ती म्हातारी. तिनं ‘जतन करा’ला स्पर्श केला.

पडदा पांढरा झाला.

पांढरा पडदा तसाच राहिला. आतमध्ये एक आठवण दोन मजल्यांच्या घरात फिरत होती. खालून वर, वरून खाली, लहान होत, लहान होत, एका थेंबापाशी येऊन थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली. नोंद जतन झाली. आणि खाली हिरव्या पट्टीत: आठवण पुरेशी.

कपाटाचं दार आपोआप उघडलं. त्याचा आवाज अगदी साधा होता, कडी निघाल्यासारखा.

“झालं?” तनिष्कानं विचारलं. “एवढंच?”

“एवढंच!” ईश्वरी रडत-हसत म्हणाली. फोनमध्ये कार्तिक कुणालातरी ओरडून सांगत होता. म्हातारीनं जिन्यावरून खाली आरोळी ठोकली, “झालं रेऽऽ!” आणि खाली उभ्या गाडीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. महादेवकाकांनी हॉर्न दाबून धरला तो डॉ. मुल्लांनी खिडकीतून दटावेपर्यंत.

दोन बाटल्यांतलं दूध एकत्र झालं, बारीक नळीतून थेंब थेंब उतरू लागलं. पहिला थेंब जाईपर्यंत तनिष्का हलली नाही. मग तिनं पदर खोचला. “चला, माझ्या गाडीत लोक ताटकळलेत. संध्याकाळी वर येते. पंखा कुणाला किती, ते बघू.”

“खालीच जेवू,” ईश्वरी म्हणाली. “आईंना एकच कुकर लावू दे.”

*

रात्री बाळाचं पोट वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी ते किंचित उतरलं. डॉ. मुल्लांनी कुणालाच काही सांगितलं नाही, फक्त चष्मा नाकावर ठेवला आणि दिवसभर तिथंच राहू दिला. त्यानंतरच्या दिवशी लाळपट्टीवर जंतूची रेघ इतकी फिकट आली, की परिचारिकेनं ती खिडकीशी नेऊन पाहिली.

कार्तिकनं ईश्वरीची दुरुस्ती सगळ्या पेढ्यांना पाठवली. संगणक जाळ्याला जोडलेले नव्हते, त्यामुळं ती पाकिटांतून गेली. मग एकेका पेढीतून निरोप येऊ लागले. जिथं जिथं पाझर रुसायचं, तिथं तिथं असंच वर्तुळ निघत होतं. कुठं दोन बहिणी, कुठं मायलेकी, कुठं भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणी. आजवर लोक ती ओळ खडा समजून उडवत आले होते. आता तेच दूध कपाटात सगळ्यांत वर ठेवलं जाऊ लागलं.

आणि एका सकाळी राजनंदिनीच्या बाळानं पेटीत आवाज काढला. कुरकुर नव्हे, कण्हणं नव्हे. चांगलं खणखणीत, भुकेचं, हक्काचं रडणं. ते ऐकून राजनंदिनी स्टुलावरून उठली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या साडीचा पुढचा भाग ओला झाला होता.

“डॉक्टर,” ती घाबरून म्हणाली, “मला काहीतरी होतंय.”

“होऊ दे,” डॉ. मुल्ला म्हणाल्या. “तेच व्हायला हवं होतं.”

त्यांनी बाळ पेटीतून काढून तिच्या उराशी दिलं. ईश्वरीनं मागून उशी लावली. सुट्टीच्या दिवशी दोन्ही पोरांना काखेत मारून आलेली तनिष्का दारातच थांबली. बाळानं इकडं तोंड घासलं, तिकडं घासलं, चुकलं, चिडलं. राजनंदिनी सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती, परीक्षेत बसल्यासारखी.

“घाई नको,” ईश्वरी तिच्या कानाशी म्हणाली. “तिला येतं. तिला माहीत आहे.”

आणि मग बाळानं पकडलं. त्याची कानशिलं हलू लागली. त्या एवढ्याशा गळ्यात घोट उतरताना दिसत होता. एक, मग आणखी एक. राजनंदिनीनं ओठ गच्च मिटून घेतले, कारण लागत होतं. मग तिचा सगळा चेहराच उघडला.

“ओढतेय,” ती कुजबुजली. “अहो, केवढ्या जोरात ओढतेय ही!”

“ओढणारच,” दारातून तनिष्का म्हणाली. “दोघींचं पिऊन बसलीय, दांडगी!”